सव्वीस वेळा ‘सिली मिस्टेक’

बारावी कॉमर्सला असलेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. दहावीपर्यंत तिचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकून वकील व्हायचं हे तिनं नववीतच ठरवलंय. डिसेंबरात तिथली प्रवेश परीक्षा ‘क्लॅट’ आहे, हातात जेमतेम पाच महिने. कॉलेज सांभाळून ती रोज आठ-नऊ तास अभ्यास करते, झोप पाच तासांवर आली आहे. रोज चाळीस इंग्रजी शब्द पाठ करते, राज्यघटनेची कलमं पाठ करते, आतापर्यंत चौतीस मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिल्यात. तरी गेले दोन महिने गुण १२० पैकी साठच्या आसपास अडकलेत. मावशी म्हणते, एक वर्ष ड्रॉप घे. आई म्हणते, राज्याची विधी प्रवेश परीक्षा, सीईटी दे, तेवढी पुरे. वडील मोठ्या क्लासची फी भरायला पीएफमधून पैसे काढायला निघालेत, त्याचं तिला ओझं वाटतं. तिचा प्रश्न: ‘अजून किती तास वाढवू? की माझं इंग्रजी मराठी माध्यमामुळं कच्चं आहे आणि हे आपलं काम नव्हे, असं मान्य करू?’ शेवटच्या मॉकच्या चुकांच्या पानाचा फोटो तिनं सोबत जोडलाय. आणि ताजा कलम: ‘उतारा वाचताना मी मनात मराठीत विचार करते. ही सवय मोडावी लागेल का?’

*

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो मोठा करून चार वेळा पाहिला. पत्रापेक्षा तो फोटोच जास्त बोलका आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्या मॉकमध्ये तू ११८ प्रश्न सोडवलेस. ७२ बरोबर, ४६ चूक. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे साडेअकरा गेले आणि साडेसाठ राहिले. त्या ४६ चुकांपुढं तू लाल पेनानं कारणं लिहिलीस. अकरा ठिकाणी ‘जीके’ (सामान्यज्ञान), नऊ ठिकाणी ‘टफ’ आणि तब्बल सव्वीस ठिकाणी ‘सिली मिस्टेक’. एकाच दुपारी, दोन तासांत, सव्वीस वेळा. अगं, इतक्या वेळा होणारी गोष्ट सिली कशी असेल? घरातला एकच नळ सव्वीस वेळा गळला तर आपण वॉशर तपासतो, नळाला वेंधळा म्हणून मोकळे होत नाही.

म्हणून ‘किती तास’ या प्रश्नाचं उत्तर मी आत्ता देणार नाही. चूक कुठून येते ते तुला अजून ठाऊक नाही. तास वाढवलेस तर तीच चूक जास्त वेळ करशील, एवढंच होईल.

आधी ही परीक्षा काय मोजते ते बघू, कारण तुझ्या वेळापत्रकावरून वाटतं की तू मनात एक जुनी परीक्षा धरून बसली आहेस. २००८ मध्ये क्लॅट सुरू झाली, त्याआधी प्रत्येक विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी असायची. पुढं बरीच वर्षं क्लॅटचा पेपर दोनशे छोट्या प्रश्नांचा होता. शब्दार्थ, सामान्यज्ञान, कायद्यातल्या लॅटिन संज्ञा असं बरंच काही त्यात थेट विचारलं जायचं आणि पाठांतराला त्यात जागा होती. २०२० पासून ते बदललं. आता पेपर उताऱ्यांचा आहे: एक उतारा, त्याखाली प्रश्नांचा गुच्छ, पुन्हा उतारा. २०२४ च्या प्रवेशासाठीच्या पेपरपासून प्रश्न १२० आणि वेळ १२० मिनिटं. मोठा उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत जातो. नुसत्या उताऱ्यांचे शब्द मोजलेस तर आठ-दहा हजारांच्या घरात जातील, प्रश्न आणि पर्याय वेगळेच. म्हणजे दोन तासांत तुला एक बऱ्यापैकी लांब दीर्घकथा वाचायची आहे, आणि तीही वकिलासारखी.

आता तुझा दिवस बघ. चाळीस शब्द पाठ, कलमं पाठ, चालू घडामोडींच्या पीडीएफ पाठ, आणि दिवसाआड एक मॉक. या सगळ्यात वाचन कुठं आहे? संथपणे, एकाच परिच्छेदावर दहा मिनिटं थांबून केलेलं वाचन? मला तरी दिसलं नाही.

कायद्याच्या विभागातलंच एक उदाहरण घेऊ, तुझ्या बऱ्याच लाल खुणा तिथंच आहेत. समज, उताऱ्यात नियम दिलाय: प्रस्ताव स्वीकारल्याचं पत्र टपालात पडलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो. प्रस्ताव मागे घेतल्याची सूचना मात्र समोरच्याला कळेल तेव्हाच लागू होते. आता घटना. ‘अ’नं ‘ब’ला पत्रानं कळवलं, माझी सायकल तुला विकतो. सोमवारी ‘अ’चं मन फिरलं, त्यानं प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र टाकलं. मंगळवारी ‘ब’नं, यातलं काहीच माहीत नसताना, ‘मला मंजूर आहे’ असं पत्र टाकलं. बुधवारी ‘अ’चं पत्र ‘ब’ला मिळालं, गुरुवारी ‘ब’चं ‘अ’ला. करार झाला का?

झाला. मंगळवारी ‘ब’चं पत्र पेटीत पडलं तेव्हाच ‘अ’ बांधला गेला, आणि त्याची माघार ‘ब’ला कळली बुधवारी. एक दिवस उशीर. १८७२ चा भारतीय करार कायदाही साधारण हेच सांगतो.

आता नियमात फक्त एक बदल करू. उताऱ्यात लिहिलंय की स्वीकाराचं पत्र प्रस्ताव देणाऱ्याच्या हाती पडेल तेव्हाच तो बांधला जातो. बाकी घटना त्याच, वार तेच. आता करार झाला नाही, कारण गुरुवार उजाडायच्या आत, बुधवारीच प्रस्ताव संपला होता. ज्या मुलीनं करार कायदा पाठ केलाय ती इथं पहिलं उत्तर ठोकून मोकळी होते आणि पाव गुण घालवते. जिनं तो कधी पाहिलाही नाही, पण नियम सावकाश वाचला आणि कागदाच्या कोपऱ्यात सोम-मंगळ-बुध-गुरू मांडले, तिला पूर्ण गुण मिळतो. परीक्षा घेणारे सांगतातच की कायद्याचं पूर्वज्ञान लागणार नाही. आपला त्यावर विश्वास बसत नाही, हीच अडचण.

तुझ्या ‘सिली मिस्टेक’च्या खाली बहुतेक हेच दडलंय, असा माझा अंदाज आहे. पण माझ्या अंदाजावर जाऊ नकोस, स्वतः शोध. पुढचे पंधरा दिवस एकही नवी मॉक देऊ नकोस. (हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, ठाऊक आहे.) जुन्या चौतीसपैकी शेवटच्या सहा काढ. प्रत्येक चुकीचा प्रश्न उत्तराकडं न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडव. या वेळी बरोबर आला तर घाई नडली किंवा वाचताना काहीतरी निसटलं. नेमकं काय निसटलं, तो शब्द उताऱ्यातून उचलून वहीत लिही. पुन्हा चुकला, आणि पुन्हा तोच चुकीचा पर्याय निवडलास, तर तिथं समजुतीत खोट आहे, तो प्रश्न कुणाबरोबर तरी बोलून सोडव. आणि दोन पर्यायांत अडकून दुसरा निवडला असशील तर दोन्ही पर्याय शेजारी लिहून त्यांच्यातला फरक एका ओळीत मांड. ‘सिली’ हा शब्द मात्र वहीतून हद्दपार. आणि जमलं तर बरोबर आलेल्या ७२ मधलेही दहा-बारा प्रश्न असेच तपास. त्यातले काही नशिबानं आलेले असतात, आणि नशिबाच्या गुणांवर कुणी लाल खूण करत नाही.

सहा मॉक अशा चाळल्यास की तुझी स्वतःची यादी तयार होईल. माझ्या ओळखीच्या बऱ्याच मुलांच्या यादीत तेच ते छोटे शब्द येतात: अनलेस, ओन्ली इफ, एक्सेप्ट, प्रोव्हायडेड दॅट, सब्जेक्ट टू, नॉटविथस्टँडिंग. तुझ्या चाळीसच्या वहीत यातला एकही नसेल, पैज लावते. तिथं लांबलचक, भारदस्त, वर्षातून एकदा भेटणारे शब्द असतील. पण कायद्याचं वाक्य फिरतं ते या बारक्या शब्दांवर. ‘मालकानं लेखी परवानगी दिल्याशिवाय भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येणार नाही’ हे मराठीत वाचताना आपण ‘शिवाय’वर आपोआप थांबतो. इंग्रजीत तोच ‘अनलेस’ नजरेखालून सटकतो. वकिलीच्या पहिल्या वर्षी एका भाडेकराराच्या कलमातलं ‘सब्जेक्ट टू’ माझ्याही नजरेतून असंच सुटलं होतं. सीनियरनी करार माझ्यापुढं सरकवला, त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि दुसरी फाइल उघडली. बोलले काहीच नाहीत. ते बोट मला अजून दिसतं.

म्हणून पाठांतराची वही बंद कर. अनोळखी शब्द वाचताना भेटला तर तो वाक्यासकट उतरव. दिवसाला पाच भेटले तरी खूप. प्रश्नही बहुतेक ‘या उताऱ्यात हा शब्द कोणत्या अर्थानं आलाय’ असाच असतो.

आता मराठी माध्यमाबद्दल. इंग्रजी वाचायला तुला जास्त वेळ लागतो, हे मी मान्य करते. क्लॅटचा पेपर फक्त इंग्रजीत असतो आणि त्याचा फटका तुझ्यासारख्यांना बसतो, हेही खरं. हा अन्याय आहे की नाही यावर वाद घालता येईल, घालायलाही हवा, पण डिसेंबरच्या आत तो निकाली निघणार नाही. मात्र ‘इंग्रजी कच्चं’ या एका शब्दात तू तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेस: वाचनाचा वेग, वाक्यरचनेची सवय आणि शब्दसंग्रह. तुझं इंग्रजी पूर्ण कच्चं असतं तर त्या पेपरात ७२ उत्तरं बरोबर आली नसती. माझ्या मते तुझी अडचण मधली आहे, लांब, वळणावळणाच्या वाक्यांची. ती सवयीनं सुटते.

त्यासाठी रोजचा एक उद्योग सांगते. कोणत्याही चांगल्या इंग्रजी वृत्तपत्राचा एक अग्रलेख किंवा एखादा मत मांडणारा लेख घे. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की त्याचं सार मराठीत एका वाक्यात लिही. एकाच. चार वाक्यं लागली तर परिच्छेद समजलेला नाही, परत वाच. शेवटी सगळ्या लेखाचं एक वाक्य: लेखकाचं म्हणणं काय, आणि ते तो कशाच्या जोरावर म्हणतोय. सुरुवातीला एका लेखाला पाऊण तास लागेल, लागू दे. सप्टेंबर संपेपर्यंत रोज दोन लेख. ऑक्टोबरपासून लिहिणं थांबव, वाक्य मनातल्या मनात बोल. तुझ्या ताज्या कलमाचं उत्तर यातच आलं बघ. मराठीत विचार करणं मोडायचं कशाला? वेळ खातं ते शब्दाला शब्द ठेवून केलेलं मनातलं भाषांतर. इंग्रजी वाचून अर्थ मराठीत साठवणं ही वेगळी गोष्ट आहे. आम्ही अर्धेअधिक वकील अशिलाशी मराठीत बोलतो, अर्ज इंग्रजीत लिहितो आणि मुद्दा कोणत्या भाषेत सुचला ते आठवतही नाही.

तर्काच्या विभागालाही हाच उद्योग कामी येतो. तिथले प्रश्न फिरून फिरून एवढंच विचारतात: लेखकानं न सांगता काय गृहीत धरलंय, कोणत्या माहितीनं त्याचं म्हणणं डळमळेल. एका वाक्यात सार काढायची सवय लागली की गृहीतक आपोआप उघडं पडतं.

चालू घडामोडींच्या पीडीएफबद्दल थोडं. इथं उतारा दिलेला असला तरी बरेच प्रश्न उताऱ्याबाहेरच्या पार्श्वभूमीवर येतात, त्यामुळं माहिती लागतेच. पण सुट्या ओळी पाठ करून ती टिकत नाही. एक विषय, एक पान असं कर. उदाहरणार्थ, ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, एवढी बातमी सगळ्यांना ठाऊक असते. पानावर पुढचं यायला हवं: त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलाही तो मिळाला, पहिली मानकरी २००४ मध्ये तमिळ होती, मग संस्कृत, कन्नड, तेलुगू, मल्याळम, ओडिया, आणि आता एकूण अकरा. असंच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन फौजदारी कायद्यांचं पान कर. भारतीय न्याय संहिता १८६० च्या दंडविधानाच्या जागी आली, नागरिक सुरक्षा संहिता १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आणि साक्ष्य अधिनियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी. तुझ्या नोट्समध्ये अजून ‘आयपीसी ३०२’ असं काही असेल तर त्या जुन्या आहेत, समजून जा. आठवड्याला अशी चार पानं झाली की डिसेंबरपर्यंत ऐंशी होतात. त्याहून जास्त कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

गणिताचे प्रश्न दहा ते चौदा असतात. तू लिहितेस की तो भाग ‘सोडून दिलाय’. सोडू नकोस. दहावीपर्यंतचीच शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि तक्ता वाचणं. रोज वीस मिनिटं पुरतात.

आता तू सोडवलेल्या त्या ११८ प्रश्नांकडं येते. ‘निगेटिव्हमुळं गुण गेले’ असं तू लिहिलंयस. जरा हिशोब मांडू. काहीच माहीत नसताना सोळा प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं दिलीस, तर चार पर्यायांमुळं सरासरीनं चार बरोबर येतील, बारा चुकतील. चार गुण मिळाले, तीन गेले, एक हाती राहिला. म्हणजे आंधळा तुक्का सरासरीत तोट्यात नाही, पण त्यात फारशी कमाईही नाही. तेच सोळा प्रश्न दोन पर्याय खोडून सोडवलेस तर आठ बरोबर, आठ चूक: आठ मिळाले, दोन गेले, सहा हाती. एक पर्याय ठामपणे खोडता येत असेल तर उत्तर दे, असा माझा साधा नियम आहे. तुझं खरं नुकसान निगेटिव्हनं केलेलं नाही. सगळे ११८ गाठायच्या धावपळीत जे तुला येत होते तेही घाईनं चुकले, तिथं ते झालंय. शंभरच प्रश्न नीट सोडवलेस आणि ऐंशी बरोबर आणलेस, तर पाच वजा जाऊन पंचाहत्तर होतात. आजच्यापेक्षा साडेचौदा जास्त, आणि अठरा प्रश्न कमी सोडवून.

पंधरा दिवसांनी मॉक पुन्हा सुरू कर, पण आठवड्याला एकच. नोव्हेंबरात दोन. आणि मॉक दिल्यावर तिच्या दुप्पट वेळ ती तपासण्याला. पेपर कागदावर, ओएमआर पत्रिकेवर होतो, तेव्हा मॉकही तशीच दे, दुपारी दोन ते चार. गोल भरायला किती मिनिटं जातात ते लॅपटॉपवर कळत नाही. सामान्यज्ञान पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उरकावं असं मला वाटतं. तिथं येतं तर येतं, बसून राहून आठवत नाही. वाचलेला वेळ कायद्याच्या उताऱ्यांना दे. पण हा क्रम तुझा तू ठरव आणि ऑक्टोबरनंतर बदलू नकोस.

झोप सात तास. यावर चर्चा नाही. दहा हजार शब्द वाचायचे असलेल्या परीक्षेला अर्धवट झोपेचं डोकं घेऊन जाणं म्हणजे चष्मा घरी विसरून जाणं. कॉलेजचा वेळ वगळून रोजचे पाच तास, पण जागे. ‘किती तास’चं उत्तर मागितलं होतंस ना, हे घे. आणि टॉपरच्या मुलाखती बघणं बंद कर. चौदा तासांचे आकडे त्यातूनच येतात.

आता घरातल्या तिघांकडं वळू.

वडिलांना सांग, पीएफला हात लावू नका. मोठा क्लास तीन गोष्टी देतो: वेळापत्रक, मॉक आणि सोबतीला मुलं. यातल्या मॉक वेगळ्या विकत मिळतात, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर आहेत (२०२० पासूनच्याच सोडव, आधीच्या फक्त गंमत म्हणून). सोबतीसाठी दोन-तीन मैत्रिणी पुरतात. शनिवारी एकत्र बसून एकमेकींच्या चुका सोडवा. दुसऱ्याला समजावताना आपली खोट चटकन सापडते. तरीही मार्गदर्शनाची गरज वाटली तर आयडीआयए या उपक्रमाची माहिती काढ. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये तो सुरू केला. परिस्थिती बेताची असलेल्या मुलांना विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करणं हेच त्याचं काम. क्लास लावूच नये असं मी म्हणत नाही. ज्याला एकट्यानं बसणं अजिबात जमत नाही त्याला क्लासचा उपयोग होतो. तुझी अडचण ती नाही, तू बसतेस तर भरपूर.

आईचं म्हणणं मला तुझ्यापेक्षा जास्त पटलं, राग मानू नकोस. ‘तेवढी पुरे’ हे मात्र नाही पटलं. दोन्ही दे. क्लॅट डिसेंबरात, बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, राज्याची विधी सीईटी त्यानंतर. एकाच दिशेचा प्रवास आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी असते, तीही डिसेंबरच्या आसपासच, तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो. सीईटीचा स्वभाव मात्र निराळा आहे. ती संगणकावर होते, पेपर मराठीतही असतो, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे तिथं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि तिथं कायद्याची थेट माहितीही विचारतात. तुझी पाठ केलेली कलमं तिथं कामी येतील, वाया गेली असं समजू नकोस. फक्त बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत ती वही कपाटात राहू दे.

‘विधी विद्यापीठ नाही मिळालं तर सगळं संपलं’ असं वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलंयस. काय संपतं नेमकं? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आपली तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी तिथं राखीव जागाही आहेत. तिथं शिकायला मिळालं तर छानच. मोठ्या कंपन्यांची कामं करणाऱ्या वकिली फर्म नोकरी द्यायला मुलं शोधत तिथं आधी जातात, हेही खरं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण तुला कोर्टात उभं राहायचंय असं तूच लिहितेस. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आहे, डॉ. आंबेडकर तिथं प्राचार्य होते. पुण्याचं आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ चं. सर्वांत जास्त काळ देशाचे सरन्यायाधीश राहिलेले यशवंत विष्णू चंद्रचूड तिथं शिकले. या दोन्ही ठिकाणी सीईटीतून जाता येतं आणि फी विधी विद्यापीठांपेक्षा कितीतरी कमी आहे. पुढं सनद बार कौन्सिलकडूनच, आणि बारची अखिल भारतीय परीक्षा सगळ्यांना एकच.

राहिली मावशी. ड्रॉपचा निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. डिसेंबरच्या निकालानंतर, चुकांची वही समोर ठेवून घे. त्या वहीत गुण हळूहळू चढताना दिसत असले आणि वेळ अपुरा पडला असं दिसलं, तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे. चुका त्याच त्या राहिल्या असतील तर वर्ष देऊनही त्याच राहतील. क्लॅटला वयाची अट नाही. पदवी घेऊन तीन वर्षांचा एलएलबी करण्याचा रस्ताही आहे, त्या रस्त्यानं आलेले वकील तुला प्रत्येक कोर्टात भेटतील. आणि बारावी अगदीच वाऱ्यावर सोडू नकोस. क्लॅटसाठी बारावीला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०, पण हा किमान आकडा आहे, ध्येय नव्हे.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. अधिवास प्रमाणपत्र, आणि तुला लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, हे सगळं आत्ताच काढून ठेव. गुण असून कागद वेळेत न मिळाल्यानं जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी काही करू शकत नाही. सेतू केंद्रात रांग असेल. जाताना त्या सहा मॉकमधली एक सोबत ने. नंबर येईपर्यंत दोन उतारे तपासून होतील.